पानओव्याची फांदी

परदेशातल्या स्वोर्ड्स गावच्या बसमध्ये पुढच्या सीटवर अनोळखी सासू-सुनेचं मराठी सुरू झालं, तशी स्मृतीने कानातले हेडफोन हळूच काढले.

“आई, तुमच्या मंगळवारच्या परतीच्या फ्लाइटचं चेक-इन करून टाकते.”

“थांब जरा. शेजारच्या मॉरीनला पानओव्याची फांदी दिलीय. पाण्यात ठेवलीय तिने.”

“मग?”

“मुळं फुटायला पंधरा दिवस लागतात. पानांचा रस मधातून घेतला, तर तिचा खोकला जरा कमी झालाय.”

“आल्यापासून म्हणत होतात, इथे बोलायला माणूस नाही.”

“तेव्हा नव्हतं.”

“पण तुम्ही दोघी बोलता कसं?”

“ती तिचं बोलते, मी माझं.”

“बरं, तिकीट पंधरा दिवस पुढे ढकलते.”

“महिनाभर ढकल. कुंडी कुठे ठेवायची, ते अजून आमचं ठरायचंय.”