भातातला खडा

पनवेलच्या स्कॅन सेंटरमध्ये माझ्या शेजारी उरणचं एक कोळी जोडपं बसलं होतं. नवऱ्याचा गाल सुजला होता.

"डॉक्टरांनी खडाच सांगितला ना?" बायकोनं विचारलं.

"हां. लाळेच्या नळीत हाय म्हनं. घास घेतला की लाळ तुंबते नि गाल सुजतो."

"आनि दोन म्हैने तुमी ताट सारत होते. भातात खडा लागला असंल म्हनून मी तांदूळ तीन-तीनदा निवडले."

"मी कदी बोललो, भातात खडा हाय?"

"तोंड तसंच करायचे. आता कळलं ना, खडा माज्या भातात नाय, तुमच्याच तोंडात."

"हळू बोल गो, लोकं ऐकतात."

"ऐकू दे."

स्कॅन काढणाऱ्या मॅडम दारात आल्या. "हिराजीकाका, चला आत. आधी एक फोटो काढू. मग हे लिंबू चोखायचं, तोंडाला पाणी सुटलं की दुसरा फोटो. लाळ कुठे अडते ते दिसेल."

"लिंबू ऱ्हाऊ द्या, मॅडम."

"आंबट चालत नाही का?"

"चालतं. पन हिलाच सांगू द्या, कोलंबीच्या कालवनात कैरी कदी टाकते. पानी आपोआप सुटंल."

"हळू बोला वो, लोकं ऐकतात."