क्विनाइन देण्याआधी

(खामगाव, १९४६चा भाद्रपद. म्हातारे डॉक्टर आगाशे ओसरीवर टिपण वाचून दाखवत आहेत. समोर उकंडराव, सोनाळ्याच्या दवाखान्यातले त्यांचे जुने कंपाउंडर.)

डॉक्टर : ‘...तेव्हा नव्या डॉक्टरांना माझं सांगणं एवढंच, की हिवतापाच्या रोग्याला लघवी काळी होऊ लागली की क्विनाइन तिथल्या तिथं बंद. ताप कितीही असो. अशा वेळी क्विनाइन म्हणजे विष.’ कसं वाटतं?

उकंडराव : चांगलं हाये. पन साहेब, लढाईपासून थ्या पिवया गोया आल्या न. आता क्विनाइन देते कोन?

डॉक्टर : पिवळ्या गोळ्या शहरात. सोनाळ्याकडे जंगलाच्या कडेला अजून क्विनाइनच पोचतं. रविवारच्या बैठकीला सहा-सात डॉक्टर यायचेत, त्यातले एक सोनाळ्यालाच दवाखाना थाटतायत. पुण्याचे आहेत. म्हणून तर हा विषय घेतला.

उकंडराव : पुन्याचे? मंग त्याईले आंधी आपली बोली शिकवा. तुमी नवे आलते तवाचं आठोते मले. ‘पोरगं तापून राह्यलं’ म्हनलं का तुमी इचारत, ‘कुठे राहिलं?’

डॉक्टर : विचारायचो खरा. आणि कुणी डोळ्यासाठी ‘डोया दुखते’ म्हटलं की मला वाटायचं, डोई दुखते.

उकंडराव : तुमी त्याचं डोस्कं दाबत बसत, आन थो बिचारा म्हने, साहेब, जरासं खाली या.

डॉक्टर : काय दिवस होते हो ते. क्विनाइनच्या मिश्रणाच्या बाटल्या, त्यांवर तुम्ही कागदाची पट्टी कापून चिकटवायचात. एक खाच म्हणजे एक डोस.

उकंडराव : आन रुखमाबाईनं सबन बाटली एकाच डावात पेली. म्हने, आठ डाव तोंड कडू करन्यापक्षा एकदाच केलेलं बरं.

डॉक्टर : दोन दिवस तिच्या कानात घंटा वाजत होत्या. आम्हाला शिव्या देत होती, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा आली, मुळ्याची भाजी घेऊन. खरं सांगू, पुण्यात मी नुसता पास झालो. डॉक्टर झालो तो सोनाळ्यात. अजून पहाटे जाग आली की वाटतं, पडवीत रांग लागली असेल.

उकंडराव : वाचा न फुडचं.

डॉक्टर : ‘उदाहरण सांगायचं तर, पंचवीस वर्षांपूर्वी एका खेड्यातल्या एका डॉक्टरांकडे, जंगलात बांबू तोडून परतलेला एक रोगी आला. लघवीच्या रंगाची चौकशी नीट न झाल्यामुळे त्याला क्विनाइनचं इंजेक्शन दिलं गेलं. तिसऱ्या दिवशी रोगी दगावला.’

उकंडराव : थे डाक्टर कोन?

डॉक्टर : होते एक.

उकंडराव : साहेब, महादेवराव होता थो. झुंबरबाईचा मालक. सुई म्या उकयून देल्ती तुमाले.

डॉक्टर : ठाऊक आहे, मग विचारता कशाला?

उकंडराव : थे नवे डाक्टर तुमच्या भरोश्यावर सोनायाले जातीन, आन तुमी दुसऱ्याचं म्हनून सांगून राह्यले. काऊन?

डॉक्टर : लाज वाटते म्हणून. झुंबरबाईनं सांगितलं होतं, उकंडराव. मी विचारलं, लघवी कशी होते? ती म्हणाली, ‘काई होते.’ मला वाटलं, काही होते, म्हणजे थोडीफार. तसंच लिहून घेतलं आणि इंजेक्शन दिलं. तो गेल्यावर तिनं त्याचं धोतर माझ्यापुढे टाकलं, काळ्या डागांचं. तेव्हा कळलं की तुमच्याकडे काळीलाही काईच म्हणतात.

उकंडराव : काही म्हनाचं असन तरी काई, आन रंग काया असन तरी काई. आमाले कधी घोटाया होत नाही.

डॉक्टर : मला झाला. नाहीतर तो वाचलाच असता असं नाही, पण मी त्याला वाचायला जागा ठेवली नाही.

उकंडराव : साहेब, एक गोठ सांगू? थे म्या आयकलं होतं.

डॉक्टर : काय ऐकलं होतं?

उकंडराव : म्या दाराआड पुड्या बांधून राह्यलो होतो. ‘काई होते’ म्हनली, तं तिच्या आवाजावरूनच समजलं मले, थे कोनती काई म्हनते.

डॉक्टर : मग बोलला का नाहीत?

उकंडराव : आदल्या दिसी शालूबाईले तपासतानी म्या मंधात बोललो होतो. तुमी सबन लोकाईसमोर म्हनलं, ‘उकंडराव, रोगी मी तपासतो, तुम्ही बाटल्या भरा.’ मंग म्या म्हनलं, साहेबाले समजलंच असन. बाटल्या भरत राह्यलो.

डॉक्टर : पंचवीस वर्षं हे मनात ठेवलंत?

उकंडराव : तुमी बी तं ठेवलं. झुंबरबाई बजारात भेटते, तुमची खुशाली इचारते. मले तिच्याकडं पाहवत नाही.

डॉक्टर : मी तसं बोललो होतो, हे मला आठवतसुद्धा नाही हो. मी आपला इतकी वर्षं तिचा शब्द धरून बसलो.

उकंडराव : तुमाले काय काय आठवन? तुमी रोजच कोनावर ना कोनावर रागावत.

डॉक्टर : तो टाक द्या इकडे. हे ‘एका डॉक्टरांकडे’ खोडतो. ‘माझ्याकडे.’ झालं. आणि रविवारी तुम्ही माझ्याबरोबर यायचं.

उकंडराव : म्या? डाक्टर लोकाईत? म्या काय बोलू तठी?

डॉक्टर : दाराआडून जे बोलणार होतात तेच. त्या पुण्याच्या डॉक्टरांच्या कानावर ते तुमच्या तोंडून पडू दे. माझ्या तोंडून ते खरं वाटायचं नाही. आत्ता म्हणून बघा. मी मध्ये बोलत नाही.

उकंडराव : साहेब, सुई खाली ठेवा. बाई काई म्हनून राह्यली. तव्याच्या बुडासारखी काई.