वेणूकाकूंची दुपारची हाक

मंडळी, आजचा प्रश्न एकच. अतिथी जेवल्यावाचून आपण जेवायचं नाही, असं व्रत एखाद्याने घेतलं — आणि दारी अतिथी येईनासाच झाला — तर त्या व्रतस्थाने काय करावं? उपाशी राहावं? की व्रत मोडावं? ग्रंथ उघडण्याचं कारण नाही. याचं उत्तर आपल्याच वरच्या आळीत घडलेलं आहे. वेणूकाकूंना जाऊन आज वर्ष झालं. त्यांचंच आख्यान ऐका.

काकू तेराव्या वर्षी या गावी सून होऊन आल्या. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नैवेद्य झाला की फाटकाशी उभी राहा. गाय दोहायला लागतो तेवढा वेळ वाट पाहा. कोणी आलं तर आधी तो, मग आपण."

शास्त्र एवढंच मागतं बरं का! पण सासूबाई निवर्तल्या, आणि काकूंनी बाळकृष्णापुढे आणखी एक गाठ मारली — कोणी जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. आणि कोणाला आमंत्रणही धाडणार नाही. आमंत्रण दिलेला तो पाहुणा. अतिथी आपल्या पायांनी यावा.

पुढे साठ वर्षं निभावलं. दुपारी फाटकात उभं राहायचं आणि हाक घालायची, "कोणी उपाशी आहे का हो?" कासार यायचे, टपालवाले यायचे, शिरगणतीचे कारकून यायचे. एका विमेवाल्याची तर एसटी सलग आठ दिवस चुकली. हसता काय? काकूंच्या आमटीचा वास या सभामंडपापर्यंत येत असे. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

मग काळ पालटला. यजमान गेले. दोन्ही मुलगे शहरांत स्थिरावले. नवा रस्ता नदीपलीकडून गेला आणि त्याच्याबरोबर वाटसरूही गेले. काकू नव्वदीच्या झाल्या. हाक मात्र रोजची. हाक जायची, समोरच्या भिंतीवर आदळायची, परत यायची.

गेल्याच्या गेल्या वैशाखात सलग तीन दिवस कोणी आलं नाही. तीन दिवस काकूंच्या पोटात पाण्याखेरीज काही नाही. थोरल्या श्रीपादचा फोन आला.

"आई, गाईला घास घाल आणि जेव. शास्त्रात चालतं."

"घातला रे. गाय खाते आणि निघून जाते. बोलत नाही."

"अगं, अतिथीशी बोलायचंच असतं असं कुठे लिहिलंय?"

काकूंनी फोन ठेवला. लिहिलेलं नव्हतं खरं.

चौथ्या दिवशी हाक घालताना फाटकाचा आधार घ्यावा लागला. उद्या नैवेद्य रांधायलाच हात उठले नाहीत तर? आपल्या हातून देव उपाशी राहील — काकूंना भय वाटलं ते याचं. मरणाचं नव्हे. समोर तान्हूबाई कुंभारणीच्या छपरातून धूर निघत होता. तीही एकटीच, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. काकू त्या धुराकडे पाहत राहिल्या. माझ्या दारी अतिथी येत नाही हे खरं — पण मी कोणाच्या दारी अतिथी होऊन कधी गेले?

मंडळी, जन्मभर ज्या हाताने वाढलं, तो हात पुढे पसरणं किती जड असेल? काकूंनी नैवेद्याचं ताट पदराखाली घेतलं आणि आळी ओलांडली. दहा पावलांची आळी. ओलांडायला पाऊणशे वर्षं लागली.

"काकू? अशा उन्हाच्या? काय झालं?"

"तान्हू, मी उपाशी आहे."

तान्हूबाई चुलीपुढून उठली. मग म्हणाली, "माझ्या चुलीवरची भाकरी चालंल व्हय? सोवळं कुठं ठिवलंसा?"

"दोरीवर वाळत घातलंय. वाढ. पण आधी तू या ताटातला घास घे."

तान्हूबाईने घास घेतला. मग काकूंनी भाकरी मोडली. दोघी जेवल्या. हात धुताना काकूंनी विचारलं, "माझी हाक रोज ऐकत होतीस ना? एकदाही का आली नाहीस?"

"तुमी इचारायच्या, कोन उपाशी हाय का. म्या उपाशी नव्हते, काकू. एकटी व्हते."

त्या दिवसापासून दुपारची हाक थांबली. दोन दुपारी शांततेत गेल्या, तेव्हा आळीला वाटलं, म्हातारी गेली. मग मात्र धावलो आपण सगळे — हो, मीही होतो त्यात. घराला कडी. वळून पाहतो, तर समोरच तान्हूबाईच्या छपराच्या सावलीत दोघी शेवग्याच्या शेंगा चोखीत बसलेल्या. आम्हांला पाहून काकू म्हणाल्या, "एवढी माणसं? मग इतकी वर्षं होतात कुठे?"

आम्ही तिथेच सावलीत टेकलो.

आता प्रसादाच्या पंगती बसतील. शेजारी कोण बसलं आहे ते पाहा, आणि कोण आलेलं नाही तेही आठवा. त्याला निरोप धाडू नका. उद्या दुपारी त्याच्या दारी जा, आणि भरल्या पोटी का होईना, म्हणा — मला जेवायला वाढ.