बुधाजींचं गप्प बसणं

कर्जत स्टँडवर खोपोलीच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावरचं बोलणं कानावर आलं.

“सर, वळखलं का? मी बुधाजीची येसू. तुमी टेप घेऊन घरी आलावता.”

“येसूबाई, या, बसा. बुधाजी कसे आहेत?”

“गेले दिवाळीत. त्यांचा आवाज ऐकवा की जरा.”

“आवाज राहिला नाही हो. कॅसेटी कमी होत्या. बोलणं कागदावर उतरवलं, की त्याच कॅसेटवर पुढच्या गावचं भरायचो.”

“कागदावर हाय ना समदं?”

“शब्दन् शब्द. धर्मांतरावेळी घरचे देव नदीत सोडले, तेही. त्यावरच तर मी प्राध्यापक झालो. हे बघा, पुस्तक.”

“ते सांगताना मधीच गप बसले व्हते. लय येळ. ते लिवलंय?”

“तिथं तीन टिंबं दिलीत.”

“मला वाचता येत नाय. तेवढी टिंबं दाखवा.”