उंदीर बरे झाले, नानांचं काय?

माझं संशोधन भुईआवळा या औषधी वनस्पतीवर चालतं, आणि तेच एकदा माझ्या अंगाशी आलं. धुळ्याजवळच्या आमच्या गावी सासऱ्यांना, म्हणजे नानांना, कावीळ झाली. डोळे पिवळेजर्द, अंगात ताप, आणि नाना भुईआवळ्याचा रस पीत बसलेले.

"नाना, दवाखान्यात चला."

"कशाले? तूच सांगस ना, लिव्हरले हाऊ रस चांगला शे."

"ते उंदरांवर दिसलंय, नाना. माणसांबद्दल अजून तसं खात्रीनं सांगता येत नाही."

नवरा म्हणाला, "मग इतकी वर्षं तू करतेस काय?"

तेवढ्यात नानांना हुडहुडी भरली आणि हातातला पेला सांडला. मी वाद सोडून गाडीची किल्ली घेतली.

धुळ्यात सोनोग्राफी झाली. पित्तनळीत खडा अडकला होता.

"आजच काढू," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं. रसानं काही हा हलला नसता."

खडा निघाला, ताप उतरला. संध्याकाळी मला वाटलं, आता नाना माझी थट्टा करतील. पण ते एकदम उठून बसले.

"शेजारनी अक्काले बी कावीळ शे. तिले मीच हाऊ रस देयेल शे," ते म्हणाले. "फोन लाव. तिले सांग, आत्तेच दवाखानामा ये."