नॉर्बर्टला कोठीत कोंडल्याबाबत

शनिवार, दि. १४ डिसेंबर. जबाब सुरू केल्याची वेळ सकाळी १०.०५.

मी, डोलोरेस विश्नेव्स्की, पतीचे नाव कै. स्टॅन्ली, वय ६४ वर्षे, धंदा खाणावळ, राहणार लिंकन ॲव्हेन्यू, खाणावळीच्या वरचा मजला, मिलवॉकी. पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी चालत येऊन, सार्जंट ऑस्कर ट्रेव्हिन्यो यांनी विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी एकतीस वर्षे खाणावळ चालवते. दर शुक्रवारी दुपारी तळलेला कॉड मासा, बटाट्याची धिरडी, सफरचंदाची चटणी आणि काळा पाव असा बेत असतो. माझ्याविरुद्ध आजवर एकच तक्रार झाली होती, ती कोबीच्या कोशिंबिरीबद्दल होती आणि खोटी होती. आताची तक्रार माझा दीर नॉर्बर्ट विश्नेव्स्की, वय ५९, याने केली आहे. काल दुपारी मी त्याला त्रेचाळीस मिनिटे कोठीच्या खोलीत कोंडून ठेवले, असे त्याचे म्हणणे आहे. ते खरे आहे. मिनिटे मी मोजली नाहीत, पण तो मोजत बसला असेल.

या जबाबात एका गिऱ्हाइकाचा उल्लेख येतो. त्याचे नाव सांगण्यास मी नकार दिला. सार्जंट ट्रेव्हिन्यो म्हणाले, "मिसेस विश्नेव्स्की, तुम्ही सांगितलंत तरी मी लिहिणार नाही. उगाच विषाची परीक्षा कशाला?" आणि दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी टेबलाच्या लाकडाला तीनदा बोट लावले. म्हणून त्याला पुढे सदर इसम असे म्हटले आहे.

सदर इसम आमच्या शहराच्या बेसबॉल संघात आठ वर्षे पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. निकाराग्वाहून आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हते. पहिल्या दिवशी त्याने शेजारच्याच्या ताटाकडे बोट दाखवले आणि तेच मागवले. पावाचे टोक कोणी खात नाही, तो तेच मागून घ्यायचा. तेव्हापासून शुक्रवारी मी टोके बाजूला काढून ठेवते. त्याला आम्ही घडवले असे मी म्हणणार नाही, पण वाढवले आहे, वजनाने तरी. माझे पती वारले तेव्हा सदर इसम चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला होता. त्या दिवशी संघाचा सामना परगावी होता. तो कसा काय इथे होता हे मी विचारले नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा करार संपला आणि तो कुठेही जायला मोकळा झाला. न्यूयॉर्कवाले त्याच्या मागे लागले, लॉस एंजेलिसवाले लागले. त्यांच्यापुढे आमचा संघ म्हणजे इंद्राच्या ऐरावतापुढे शामभट्टाची तट्टाणी. तो राहणार की जाणार, यापलीकडे गेले सहा आठवडे गावात दुसरा प्रश्न नाही. आमच्याकडे माणसे पुढच्या उन्हाळ्यात कोणी कितव्या नंबरावर खेळावे यावरून हमरीतुमरीवर येऊ लागली. बाजारात तुरी, तसला प्रकार. शेवटी हर्ब कोस्टर, निवृत्त बसचालक, माझे रोजचे गिऱ्हाईक, यांनी नियम केला की निर्णय येईपर्यंत खाणावळीत त्याबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. जो काढेल त्याने भांडी घासायची. सहा आठवड्यांत नॉर्बर्टने एकोणीस वेळा भांडी घासली. घासतो चांगली.

हा नियम हर्बच्या डोक्यातून निघालेला नाही, तो खेळातलाच आहे. पिचरने समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे पळून पुढची जागा गाठता येईल असा फटका, मिळू दिला नसेल आणि सामना शेवटाकडे आला असेल, तर ती गोष्ट कोणी तोंडाने बोलत नाही. संघातले सोबतीसुद्धा त्याच्या शेजारी बसत नाहीत, त्याला बाकावर एकटा सोडतात. बोलले की दृष्ट लागते. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सदर इसमाने नऊपैकी सात डाव एकही हिट दिला नव्हता. चाळीस हजार माणसे गप्प होती. माझे पती आणि नॉर्बर्ट शेजारी शेजारी बसले होते. आठव्या डावात नॉर्बर्ट उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "अरे, अजून एकही हिट नाही की!" पुढच्याच चेंडूवर हिट गेला. तेव्हापासून नॉर्बर्टची जीभ काळी आहे हे सगळ्या दक्षिण मिलवॉकीला माहीत आहे. माझे पती आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आठवड्यानंतर बोलले, कारण आजारपणामुळे त्यांच्या हाती वाया घालवण्याइतके आठवडे राहिले नव्हते.

काल शुक्रवारी दुपारी ११.५० च्या सुमारास सदर इसम एकटा आला. त्याने दारात बुटांवरचा बर्फ झटकला आणि टोपी न काढता काउंटरवरच्या नेहमीच्या जागी बसला. आत तेव्हा चाळीसेक माणसे जेवत होती. एकानेही मान वर केली नाही. इतक्या मन लावून माझी कोशिंबीर कोणी कधी खाल्लेली नाही. हर्ब त्याच्या शेजारीच होता. तो आपले ताट उचलून चार जागा पलीकडे गेला. मग दुसऱ्या बाजूचेही उठले. कोणी कोणाला सांगितले नव्हते. बाहेरगावच्या एक बाई खिडकीपाशी होत्या. त्यांनी विचारले, "तो कोण हो, सगळे उठून गेले?" मी सांगितले, "गिऱ्हाईक आहे. जेवायला आलंय."

१२.०५ वाजता नॉर्बर्ट मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला. त्याने काउंटरकडे पाहिले आणि त्याचे तोंड उघडले. ते उघडताना मी या आधीही पाहिले आहे.

"डॉली, तो बसलाय."

"कोणी बसलेलं नाही. कोठीतनं बटाटे काढून दे."

"मला एकच गोष्ट बोलायचीये त्याच्याशी. एकच. अर्धं मिनिट."

"चार वर्षांमागे पण एकच बोलला होतास."

"डॉली, ऐक तरी."

मी ऐकले नाही. तो बटाटे काढायला कोठीत वाकला, तेव्हा मी दार लावले आणि दोन्ही फळ्यांच्या कड्यांतून लाटणे सरकवले. त्याआधी त्याचा फोन मी काढून घेतला होता, कारण तो खेळाच्या रेडिओवर रोज फोन करतो. फोन पिठाच्या डब्यात सुखरूप होता. कोठीत दिवा आहे आणि खालच्या फटीतून मी ताट सरकवले होते. ताट परत आले तेव्हा चाटूनपुसून साफ होते, हेही तक्रारीत यायला हवे होते.

नॉर्बर्टने दार वाजवायला सुरुवात केली. हर्बने मोठ्या आवाजात पोल्का नाचाचे गाणे लावले. पोल्का संपायचा तेव्हा दाराचा आवाज यायचा, म्हणून हर्बने तोच पुन्हा पुन्हा लावला. सदर इसमाने काटा खाली ठेवून मला विचारले, "आत कोण आहे?"

"बटाटे आहेत."

"ओरडतात?"

"या वर्षीचे जरा बोलके आलेत."

तो हसला. मग त्याने आपल्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा पाहिल्या, इकडे चार आणि तिकडे चार. सगळीकडे नजर फिरवली. सगळे ताटात बघत होते. तो हळूच म्हणाला, "आठवा डाव चालू आहे वाटतं."

मी म्हणाले, "कॉफी देऊ?"

ओतताना थोडी कॉफी बशीत सांडली. त्याने ती रुमालाने पुसली. पावाचे एक टोक खाल्ले, दुसरे रुमालात बांधून खिशात घातले, आणि १२.४० ला निघून गेला. दारात त्याने मला विचारले, "पुढच्या शुक्रवारी मासे आहेत ना?" मी सांगितले की शुक्रवार असेल तर असतात. तो गेल्यावर चाळीस माणसे या एका वाक्याचा कीस काढत बसली, तोही खुणांनी, कारण बोलायची बंदी होती.

त्यानंतर मी लाटणे काढले. नॉर्बर्ट बटाट्याच्या पोत्यावर बसला होता. ओरडून त्याचा चेहरा लाल झाला असेल असे मला वाटले होते. तसा नव्हता. तो म्हणाला, "गेला का?"

मी म्हणाले, "गेला."

"मी त्याला राहतोस का म्हणून विचारणार नव्हतो, डॉली. मला माफी मागायची होती. त्या ऑगस्टची. आता तो न्यूयॉर्कला गेला तर मी काय तिथं जाऊन मागू?"

एवढे बोलून तो कोट न घालता बर्फातून तीन गल्ल्या चालत या ठाण्यावर आला आणि त्याने तक्रार दिली. कोट मी आज सोबत आणला आहे. नॉर्बर्ट सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसला आहे आणि माझ्याशी बोलत नाही. कोट मात्र घेतला.

सार्जंटांनी विचारले की मला काल केल्याचा पश्चात्ताप होतो का. मी सांगते की कोंडल्याचा होत नाही. तो त्या वेळी बोलला असता आणि सदर इसम गेला असता, तर हे गाव नॉर्बर्टला जन्मभर बोल लावत राहिले असते, आणि त्या एका ऑगस्टचे ओझेच तो अजून पेलतो आहे. पण मी ऐकून घ्यायला हवे होते. बाहेरच्याला मी इतकी वर्षे पावाची टोके राखून ठेवली आणि घरच्याला अर्धे मिनिट दिले नाही. हे लिहून घ्यावे.

(१०.४७ वाजता शेजारच्या खोलीतील रेडिओवर बातमी लागली. १०.४७ ते ११.२० जबाब घेण्याचे काम बंद होते. कारण नोंदवण्याची गरज नाही असे सार्जंटांचे मत पडले.)

११.२० पासून पुढे सांगते की, वरील वेळात ठाण्यातील एक खुर्ची मोडली, तिच्याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझा चष्मा सापडला आहे. नॉर्बर्ट बाहेरच्या बाकावरून कधी आत आला हे मला सांगता येत नाही, पण त्याने मला उचलले होते आणि माझे वजन पाहता ते साधे काम नव्हते. तो रडत होता की मी, हेही नीट आठवत नाही. तो आता बोलतो आहे. अजून थांबलेला नाही.

सदर इसमाचे नाव लिहिण्यास आता माझी हरकत नाही. त्याचे नाव आन्सेल्मो तिफेर. वय २९ वर्षे, धंदा पिचर, राहणार मिलवॉकी, पुढील सात वर्षे.

नॉर्बर्टने तक्रार मागे घेतली आहे. येत्या शुक्रवारी तो काउंटरवर आन्सेल्मोच्या डाव्या हाताला बसेल आणि त्याला काय बोलायचे ते बोलेल. मी मध्ये पडणार नाही. लाटणे धिरड्यांच्या पिठाशेजारी असते, तिथेच राहील.

सार्जंट ट्रेव्हिन्यो यांचा आवाज पूर्णपणे बसल्यामुळे हा जबाब मला तक्रारदार नॉर्बर्ट विश्नेव्स्की याने मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. नाव आले तिथे तो थांबला, त्याने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली, आणि त्याने ते दोनदा वाचले.

सही/-
डोलोरेस विश्नेव्स्की