माझ्याच तोंडाला न शोभणारा आवाज

...आणि वर तो डबिंगवाला मलाच सांगतो, ‘‘सर, आवाज झकास हाय, पण या तोंडाला शोभंना हो!’’ कुठल्या तोंडाला? तर समोर पडद्यावर होतं त्या. आणि पडद्यावर कोण होतं? मी! तुम्हाला सांगतो, माझ्याच तोंडाला माझा आवाज द्यायच्या परीक्षेत मी नापास झालो... आता चूक माझीच असणार. नाही असं नाही. मी ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस, जन्मभर कॉलेजात आवाज कसा निघतो आणि कसा पोचतो तेच शिकवलं. स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो कधीच खरा ऐकू येत नाही. म्हणजे माझ्या आवाजाबद्दल मत द्यायला जगात सर्वांत नालायक माणूस कोण, तर मी. हे मी मुलांना मोठ्या झोकात सांगायचो. मुलं हसायची. आता कळतं, कशाला हसायची ते.

तर मी भगवंतराव. इथं कन्नड मुलखात, चामराजपेटेत राहतो. आमचं घराणं या गावात इतक्या पिढ्या मुरलंय की पुण्याचा माणूस माझं मराठी ऐकून म्हणतो, ‘‘वा, छान शिकलात हो आमची भाषा!’’ आणि इथला रिक्षावाला माझं कन्नड ऐकून विचारतो, ‘‘सार, तुमचं गाव कुठलं?’’ अरे, तू जिथं रिक्षा उभी केलीस ना, तेच!

नोकरी सांभाळून नाटकं केली. मराठी मंडळात पुरुष नट कमी, त्यामुळे एकाच नाटकात पहिल्या अंकात मेलेला काका मीच आणि दुसऱ्या अंकात त्याच्या नावानं गळा काढणारा मामाही मीच. सिनेमात न्यायाधीश झालो, चष्मा काढून नुसती मान हलवणारा डॉक्टर झालो, आणि एका मालिकेत तर मी भिंतीवरचा हार घातलेला फोटो होतो. वर्षभर होतो! एकजण भेटून म्हणाला, ‘‘सर, तुमचं काम फार संयत वाटलं.’’ मी थँक्यू म्हणालो. काय म्हणणार?

आणि आवाज! कार्टूनमधलं अस्वल मी, हिंगाच्या जाहिरातीतले आजोबा मी, चिकपेटेत एक साड्यांचं दुकान आहे, त्याच्या लिफ्टमध्येही मीच : ‘‘तिसरा मजला. रेशमी साड्या.’’ तुम्हाला सांगतो, मी असं म्हटलं की माणसं खरोखर बाहेर पडतात. वर्गात मी ‘बाहेर हो’ म्हटलं तरी कोणी हलत नसे.

पण गंमत बघा... गंमत कसली, दैव बघा. सिनेमात तोंड माझं असलं की आवाज दुसऱ्याचा, कारण माझ्या कन्नडात म्हणे मराठी वास येतो. आणि आवाज माझा असला की तोंड अस्वलाचं! अस्वलाला तो वास चालतो.

आमच्या सोयराबाईंनी यावर बहिष्कार टाकलेला. ‘‘परक्या पुरुषाच्या आवाजात बोलणारा नवरा थेटरात बसून मी बघायची नाही,’’ म्हणाल्या, ‘‘तुमच्या तोंडून तुमचा आवाज येईल त्या दिवशी सांगा, पहिल्या रांगेत बसते. तोवर घरी मला फुकट ऐकायला मिळतोच की, सकाळपासून!’’ एकही सिनेमा बघितला नाही त्यांनी माझा. एकही! त्यांनी एकदा मला पडद्यावर बघावं, एवढीच माझी इच्छा... हसू नका, या वयात आणखी कोणासाठी अभिनय करायचा?

आणि मग ती भूमिका आली. योगीराज नावाचा तरुण दिग्दर्शक. आजोबा कट्ट्यावर बसलेत, भांडून परदेशी गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी अचानक दारात उभा राहतो, आजोबा बघतात, बघतच राहतात, आणि एकच वाक्य : ‘‘बा मगने, ऊटा आयता?’’ म्हणजे ये बाळा, जेवण झालं का? वाक्य एवढंच, पण सगळा सिनेमा त्या वाक्यावर उभा! मी अटच घातली, आवाज माझाच. योगीराज म्हणाला, ‘‘सरी, बरं सर, डबिंगला आवाज जुळला तर तुमचाच.’’ जुळला तर! मी मनात म्हटलं, माझा मला कसा जुळणार नाही?

चित्रीकरणात कशी पद्धत असते ठाऊक आहे का? कॅमेऱ्यामागून एक असिस्टंट तुमचं वाक्य ठणाणा ओरडतो, तुम्ही त्याच्यामागून ओठ हलवायचे, वर जनरेटरची घरघर. तुमचा आवाज कोणाला ऐकूच येत नाही, तुम्हालासुद्धा. तो मुलगा पिशवी खांद्याला लावून पायरीवर उभा राहिला, थोडा वाकून, चपला काढायच्या की नाही अशा विचारात... आणि मला काही सुचेना. असिस्टंट ओरडला, मी बोललो, डोळ्यांत पाणी आलं, योगीराज ‘कट’ म्हणाला आणि येऊन पाया पडला. ‘‘सर, सूपर! पुन्हा नको.’’ मला धास्ती, ग्लिसरीन न घालता पाणी आलं म्हणजे मोतीबिंदू तर नसेल?

डबिंगचा स्टुडिओ पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत. खाली लोखंडी पत्रे कापायचा कारखाना, वर स्टुडिओ. प्रेसचा एक ठोका पडला की दुसरा पडायच्या आत आपलं वाक्य बसवायचं. तिथं डबिंगवाला महांतेश, निपाणीकडचा, मराठी येणारा. ‘‘या सर, घाबरू नगा, स्वल्प पाणी प्या.’’ मी पाणी प्यालो. पडद्यावर मी आलो. म्हटलं, ‘‘बा मगने...’’

‘‘सर, जुळंना. ‘बा’ला ओठ मिटायला पायजेत. तुमचे उघडेच हायत की!’’

पुन्हा. ‘‘बा मगने...’’

‘‘आता सर, ओठ मिटले तवा तुम्ही गप!’’

पुन्हा. धडाम्. पुन्हा. धडाम्. प्रेसवाला सुद्धा कंटाळला असेल. ‘ब’ आणि ‘म’ ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं, आणि पडद्यावरचा तो म्हातारा उघड्या तोंडानं ‘बा’ म्हणतोय! विज्ञानाला धरून नाही हो हे! मी घामाघूम. चूक माझीच असणार, पण कुठली?

शेवटी त्रिविक्रम आला. डबिंगमधला मुरलेला माणूस. एकदा बघितलं, तोंडात सुपारी, तिच्यासकट उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘एऽऽ... बारो. ऊटा माड्‌द्या?’’ म्हणजे वाक्य तेच, फक्त शब्द घरगुती. चपखल! आणि मला म्हणतो, ‘‘वाईट वाटून घेऊ नका अण्णा. काही काही तोंडं अवघड असतात.’’

घरी सांगायची हिंमत होईना. सोयराबाईंनी सिनेमाच्या पहिल्या खेळासाठी कांजीवरम इस्त्रीला दिलेली. तीन दिवस घसा बसल्याचं सोंग केलं, शेवटी म्हणालो, ‘‘येऊ नका. या वेळीही परकाच बोलतोय.’’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, ‘‘साडी इस्त्री होऊन आलीय. आता काय फ्रिजवर घालू?’’ आणि आल्या.

पहिल्या रांगेत बसलो, माना वर करून. माझा प्रसंग आला, मी डोळे मिटून घेतले. ‘‘एऽऽ... बारो...’’ मागं कोणीतरी नाक ओढलं. मी म्हटलं, वा, त्रिविक्रम! मग हळूच बाजूला बघितलं, तर सोयराबाई पडद्याकडे बघून पदर तोंडाशी धरून बसलेल्या.

‘‘आवाज चांगला आहे ना त्याचा?’’ मी विचारलं.

‘‘कोणाचा? मी नाही ऐकला,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही ‘ये रे बाळा, जेवलास का’ म्हणालात.’’

‘‘काय?’’

‘‘मराठीत. आपला रत्नाकर टोरंटोहून येतो तेव्हा दारात म्हणता, तस्संच. मला दिसत नाही का, काय बोलता ते? इतकी वर्षं मिक्सर चालू असताना तुमचं बोलणं मी कशी समजून घेते?’’

तुम्हाला सांगतो, मी थंड! ‘ये रे’ला ओठ मिटतच नाहीत हो! ते ‘बाळा’ला मिटतात! दिग्दर्शकाला कळलं नाही, महांतेशला कळलं नाही, ध्वनिशास्त्राच्या डॉक्टरला कळलं नाही... स्वतःच्याच तोंडून कुठली भाषा निघाली ते! म्हणजे चूक खरोखर माझीच होती. इतकी वर्षं नुसती शंका होती, आता पुरावाही आला.

हे सगळं झाल्यावर काल महांतेशचा फोन. ‘‘सर, गुड न्यूज! त्रिविक्रम आता पडद्यावर आलाय, आजोबांचं मोठं काम! पण त्येचा आवाज त्येच्या तोंडाला शोभंना. तुमचा लावून बघितला, अस्वलाचा होता तो... अगदी फिट!’’

सोयराबाईंना भीतभीत विचारलं, ‘‘याल का बघायला? आवाज माझा आहे.’’

‘‘येईन की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘डोळे मिटून बसेन.’’